जड मोटारसायकल हलकी करताना किलो नेमके कोठून काढावेत?

प्रश्न थोडक्यात असा आहे : प्रश्नकर्त्यांची चार सिलिंडरची, हजार सीसीच्या वरची, चेनवर चालणारी मोटारसायकल पेट्रोल-तेलासह सुमारे 240 किलो भरते. रोजचे जाणे-येणे तिच्यावरच होते आणि अधूनमधून सामान लादून लांबचा प्रवासही होतो. गर्दीत अगदी हळू वळवताना आणि गाडी लावताना-काढताना तिचे वजन झेपत नाही, उभ्याउभ्या ती कलंडलीही आहे. म्हणून त्यांनी टायटॅनियमचा पूर्ण एक्झॉस्ट, लिथियम बॅटरी, कार्बनची चाके, कार्बनचे मडगार्ड आणि टायटॅनियमचे बोल्ट अशी यादी केली आहे. यातून 30 किलो कमी होतील का, हे भाग कोणत्या क्रमाने घ्यावेत आणि काढलेले मूळ भाग विकून टाकावेत का, असे त्यांनी विचारले आहे. गाडीवर लोखंडी क्रॅश गार्ड, पॅनियरच्या म्हणजे बाजूला टांगायच्या सामानपेट्यांच्या फ्रेम आणि मागे टॉप बॉक्स म्हणजे उंचावरची सामानपेटी बसवलेली आहे, हे त्यांनी जाता जाता लिहिले आहे. माझ्या दृष्टीने त्यांच्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाची माहिती हीच आहे.

मोटारसायकलींच्या दुरुस्तीत आणि बांधणीत बरीच वर्षे काढल्यावर माझ्या लक्षात आले आहे, की ‘गाडी जड आहे’ या एकाच तक्रारीमागे किमान तीन वेगवेगळ्या अडचणी असू शकतात. उभी गाडी तोलताना किंवा ढकलताना ताकद कमी पडणे ही पहिली. वेगात असताना गाडी एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला झुकवायला जोर लागणे ही दुसरी. वेग घेताना किंवा ब्रेक लावताना गाडी सुस्त वाटणे ही तिसरी. या तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. एका अडचणीवर उत्तम ठरणारा भाग दुसरीवर जवळजवळ निरुपयोगी ठरू शकतो. तुम्ही वर्णन केलेला त्रास पूर्णपणे पहिल्या प्रकारचा आहे आणि तुमची यादी मात्र मुख्यतः दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारासाठी आहे. त्यामुळे एकूण किती किलो कमी होतील यापेक्षा ते गाडीच्या कोणत्या भागातून, किती उंचीवरून आणि मध्यापासून किती अंतरावरून कमी होतील, हे आधी पाहिले पाहिजे.

त्याआधी 30 किलोंच्या अपेक्षेबद्दल. बीएमडब्ल्यूने 2023 मध्ये आर 1250 जीएसच्या जागी आर 1300 जीएस आणली, तेव्हा इंजिन, फ्रेम, गिअरबॉक्सची जागा असे जवळजवळ सगळे नव्याने आखले, लिथियम बॅटरी दिली आणि टाकीही 20 लिटरवरून 19 लिटर केली. एवढे करून वजन 249 वरून 237 किलोंवर आले, म्हणजे 12 किलो कमी झाले. कोऱ्या कागदापासून सुरुवात करणाऱ्या कारखान्याला जेथे 12 किलो मिळतात, तेथे फक्त बाहेरून जोडायचे भाग बदलून 30 किलो मिळवणे अवघड आहे. कंपनीच्या मूळ स्वरूपातील 240 किलोंच्या गाडीतून, ती रोज वापरण्याजोगी ठेवून, 10 ते 12 किलो काढता आले तर ते चांगले काम समजावे. तुमच्या गाडीवर मात्र नंतर चढवलेले बरेच सामान आहे, म्हणून तुमच्याकडे वाव जास्त आहे, आणि तो बहुतांशी फुकट आहे.

उभ्या गाडीचे गणित एकदा आकड्यांत मांडून पाहू, म्हणजे पुढचे सगळे स्पष्ट होईल. 240 किलोंच्या गाडीचा गुरुत्वमध्य, म्हणजे तिचे सगळे वजन जेथे एकवटले आहे असे मानता येते तो बिंदू, जमिनीपासून 55 सेंटिमीटरवर आहे असे धरा. ती 10 अंश कलली, की तिला खाली ओढणारे आघूर्ण, म्हणजे जोर गुणिले अंतर, सुमारे 225 न्यूटन मीटर होते. हँडल साधारण एक मीटर उंचीवर असते, म्हणून ती तेथे धरून ठेवायला जवळजवळ 23 किलोंचा जोर लावावा लागतो. गाडी जितकी जास्त कलेल तितका हा जोर वाढतो. आता 1.1 मीटर उंचीवरच्या टॉप बॉक्समधून 5 किलो काढले, तर गाडीचे वजन केवळ 2 टक्क्यांनी कमी होते, पण तिला पाडणारे आघूर्ण 4 टक्क्यांहून थोडे अधिक कमी होते. तेच 5 किलो इंजिनच्या खालून काढले असते, तर उभ्या गाडीवर फरक जेमतेम जाणवला असता. म्हणजे तोलण्याच्या दृष्टीने वरचा एक किलो खालच्या कित्येक किलोंच्या तोडीचा असतो.

हीच गोष्ट लांबीच्या दिशेने आणखी तीव्रपणे दिसते. गाडी वळवताना तिचा पुढचा-मागचा भाग गुरुत्वमध्याभोवती फिरतो आणि येथे अंतराचा वर्ग लागू होतो. मध्यापासून 90 सेंटिमीटर मागे ठेवलेले 8 किलो सामान, 20 सेंटिमीटरवर ठेवलेल्या तेवढ्याच सामानाच्या सुमारे 20 पट जडत्व, म्हणजे वळण्याला विरोध, निर्माण करते. भरलेला टॉप बॉक्स उंचही असतो आणि टोकालाही असतो, म्हणून त्याचा त्रास दोन्हीकडून होतो. माझ्याकडे ‘गाडी फार जड लागते’ म्हणून येणाऱ्या प्रवासी गाड्यांवर मी पहिला हात घालतो तो याच बॉक्सला. मालक फेरफटका मारून परत येतो आणि मी आणखी काय केले असे विचारतो, इतका हा फरक स्पष्ट असतो.

म्हणून पहिले काम म्हणजे पाना आणि वजनकाटा घेऊन बसणे. टॉप बॉक्स, त्याची खालची पट्टी आणि कॅरियर मिळून 5 ते 7 किलो सहज होतात, आतले सामान वेगळेच. लोखंडी पॅनियर फ्रेम रिकाम्या असतानाही 4 ते 6 किलोंच्या असतात आणि प्रवास नसेल तेव्हा त्यांचा काहीही उपयोग नसतो. त्या चटकन काढता येणाऱ्या कड्यांवर बसवल्या, तर प्रवासाच्या आदल्या दिवशी पुन्हा लावता येतात. सीटखाली आणि बॉक्समध्ये साचलेली हत्यारे, जाड साखळीचे कुलूप, पावसाळी कपडे, हवेचा पंप हे सर्व एकदा एका पिशवीत भरून काट्यावर टांगा. हा आकडा पाहून बहुतेकांना आश्चर्य वाटते. क्रॅश गार्डबद्दल मात्र मी घाई करणार नाही. तो 5 किलोंच्या आसपास असेल, पण तुमची गाडी उभ्याउभ्या पडलेली आहे, आणि इंजिनचे कव्हर फुटण्यापेक्षा ते 5 किलो परवडतात. शिवाय त्याचे वजन बऱ्यापैकी खाली असते. हवे तर पूर्ण पिंजऱ्याऐवजी केवळ इंजिनच्या कव्हरपुरते संरक्षण देणारा छोटा गार्ड किंवा फ्रेम स्लायडर (गाडी पडल्यास स्वतः घासून तिला वाचवणारा ठोकळा) बसवता येईल, पण तोही गाडी पडणे थांबल्यानंतर. मेन स्टँड असेल तर त्याचे वजन 4 ते 5 किलो भरते. ते अगदी खाली आणि मध्याजवळ असल्यामुळे तुमच्या अडचणीवर त्याचा परिणाम कमी होतो, आणि चेनला तेल घालताना तो फार उपयोगी पडतो. मी तो ठेवीन.

पेट्रोलही वजनच आहे. एक लिटर पेट्रोल सुमारे 740 ते 750 ग्रॅम भरते, म्हणजे 20 लिटरची भरलेली टाकी म्हणजे 15 किलो, आणि तेही गाडीच्या वरच्या भागात. रोजच्या वापरात टाकी अर्धीच भरली, तर उभ्या गाडीला पाडणारे आघूर्ण चार-साडेचार टक्क्यांनी कमी होते. हा उपाय इतका साधा आहे, की त्याला कोणी उपाय म्हणतच नाही.

उंचीचा आणखी एक भाग म्हणजे तुमचे पाय. गाडी कलंडते ती बहुतेक वेळा वजनामुळे नव्हे, तर कलू लागल्यावर तळवा पूर्ण टेकलेला नसतो आणि टाचेखाली आधार नसतो म्हणून. सीटचा फोम 15 ते 20 मिलिमीटरने उतरवून आणि मांड्यांच्या जागी त्याची रुंदी कमी करून घेतली, तर पाय सरळ खाली जातो. या कामात एक ग्रॅमही कमी होत नाही, तरी गाडी हलकी झाल्यासारखी वाटते. सस्पेन्शनच्या लिंक म्हणजे जोडपट्ट्या बदलून संपूर्ण गाडी 20 मिलिमीटरने खाली आणली, तर गुरुत्वमध्यही तेवढाच खाली येतो. 55 सेंटिमीटरच्या हिशेबात हे साडेतीन टक्क्यांहून अधिक होते, म्हणजे गाडीतून साडेआठ-नऊ किलो काढल्याइतके. पण त्याची किंमतही मोजावी लागते. झुकवताना फूटरेस्ट लवकर घासतात, मागचा भागच खाली केला तर हँडल वळवायला अधिक जड होते, आणि साइड स्टँड लांब पडल्यामुळे उभी गाडी पुरेशी कलत नाही व पलीकडे पडण्याची भीती निर्माण होते. त्यामुळे लिंक बदलणारच असाल, तर फॉर्क म्हणजे पुढचे चाक धरणारे दोन पायही त्या प्रमाणात क्लॅम्पमधून वर सरकवावे लागतात आणि साइड स्टँड आखूड करून घ्यावा लागतो. सीटचे काम करून भागत असेल, तर मी तेथेच थांबेन.

आता वजनाचे सोंग घेऊन येणाऱ्या दोषांकडे वळू, कारण हे तपासल्याशिवाय महागडा भाग बसवणे मला पटत नाही. पुढच्या टायरमध्ये हवा कमी असेल, तर हळू वळताना हँडल अक्षरशः चिखलात रुतल्यासारखे जड होते. पुढच्या टायरचा मधला भाग झिजून सपाट झाला असेल, तर गाडी आधी झुकायला नकार देते आणि मग एकदम पडू पाहते. स्टीअरिंगच्या बेअरिंगमध्ये खाच पडली असेल किंवा त्याचा नट जास्त आवळलेला असेल, तर गाडी सरळ ठेवण्यासाठी लागणाऱ्या बारीक दुरुस्त्या होतच नाहीत आणि चालकाला वाटते की आपल्यालाच तोल जमत नाही. पुढचे चाक उचलून हँडल दोन्ही बाजूंना हलक्या हाताने फिरवून पाहा. मध्यावर ते अडखळत असेल, तर बेअरिंग बदलण्याची वेळ झाली आहे. मागच्या शॉक अॅब्सॉर्बरचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला ताण, चालकाच्या वजनाला कमी पडत असेल, तर गाडी मागे बसते, पुढच्या फॉर्कचा कोन पसरतो आणि वळणे जड होते. रस्त्यावरच्या गाडीत चालक बसल्यावर सस्पेन्शन साधारण 30 ते 40 मिलिमीटर खाली बसावे. हे मोजायला एक टेप आणि एक मदतनीस एवढेच लागते.

एवढे करून झाल्यावरच तुमच्या यादीकडे येऊ.

लिथियम बॅटरी हा त्या यादीतील सर्वांत सोपा आणि वजनाच्या मानाने सर्वांत परवडणारा बदल आहे. एवढ्या मोठ्या इंजिनाची लेड-अॅसिड बॅटरी साडेतीन ते साडेचार किलोंची असते, तर तिच्या जागी बसणारी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी एक किलोच्या आसपास भरते. सुमारे 3 किलो एका तासात कमी होतात, आणि बॅटरी सीटखाली असल्यामुळे ते बऱ्यापैकी उंचावरून कमी होतात. मात्र तिचा स्वभाव वेगळा आहे. काही बॅटऱ्यांवर छापलेले अॅम्पिअर-अवर हे ‘लेड-अॅसिडच्या तुलनेत समतुल्य’ असे असतात आणि खरी क्षमता त्याहून बरीच कमी असते, म्हणून गाडीत अलार्म, ट्रॅकर किंवा सतत थोडी वीज घेणारे अन्य उपकरण असेल, तर ती लवकर उतरते. तिचे व्होल्टेज वाचण्याची सवयही बदलावी लागते. 12.8 व्होल्टला लेड-अॅसिड बॅटरी भरलेली असते, पण लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी त्याच आकड्यावर बरीचशी रिकामी झालेली असते. कडाक्याच्या थंडीत ती पहिल्या झटक्याला सुस्त राहते. हेडलाइट थोडा वेळ चालू ठेवून तिला ऊब आणली, की सुधारते. बसवण्यापूर्वी इंजिनचे आवर्तन (फिरण्याचा वेग) वाढवून चार्जिंगचे व्होल्टेज मोजा. ते 14.6 च्या वर जात असेल, तर आधी रेग्युलेटर बदला, कारण जास्तीच्या व्होल्टेजला लेड-अॅसिड बॅटरी काही काळ सहन करते तशी लिथियम करत नाही. चार्जरही लिथियमसाठी बनवलेलाच वापरावा. मी संरक्षक सर्किट नसलेली बॅटरी रोजच्या गाडीत बसवत नाही, मग ती कितीही हलकी असो.

एक्झॉस्टचे उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे. चार सिलिंडरच्या गाडीचा मूळ स्टीलचा एक्झॉस्ट उत्प्रेरकासह (धूर स्वच्छ करणाऱ्या भागासह) 8 ते 12 किलोंचा असू शकतो. टायटॅनियमची घनता स्टीलच्या सुमारे 57 टक्के असते, त्यामुळे पूर्ण टायटॅनियम एक्झॉस्टने 4 ते 6 किलो कमी होणे शक्य आहे. पण यातील मोठा हिस्सा उत्प्रेरक आणि त्याची पेटी काढून टाकल्यामुळे मिळतो, आणि ते अनेक देशांत रस्त्यावरच्या गाडीसाठी बेकायदा आहे. त्यात आवाजाची मर्यादाही येते. दुसरे असे, की शर्यतीसाठी आखलेल्या पाइपांमुळे वरच्या आवर्तनांत शक्ती वाढली, तरी खालच्या आवर्तनांत टॉर्कला म्हणजे चाक फिरवणाऱ्या जोराला खड्डा पडू शकतो आणि इंधनाचे गणित नव्याने बसवले नाही, तर बंद थ्रॉटल (अॅक्सिलरेटर) उघडताना गाडी झटका देते. तुमचा त्रास नेमका तेथेच आहे. पायी चालण्याच्या वेगाने वळताना झटका देणारी हलकी गाडी ही गुळगुळीत चालणाऱ्या जड गाडीपेक्षा अधिक वेळा पडते. म्हणून तुमच्यासाठी मी फक्त मागचा सायलेन्सर बदलण्याचे सुचवीन. त्याने दीड ते तीन किलो कमी होतात, उत्प्रेरक आणि ऑक्सिजन सेन्सर जागेवर राहतात, आणि मान्यताप्राप्त सायलेन्सर घेतला तर नियमांचाही प्रश्न उरत नाही. सायलेन्सर सीटखालून वर येणारा असेल, तर हा बदल अधिक मोलाचा ठरतो, कारण ते वजन उंचावर आणि टोकाला असते. तोच सायलेन्सर इंजिनच्या पोटाखाली असेल, तर उभ्या गाडीच्या तोलावर त्याचा परिणाम नगण्य असेल आणि मी तो खर्च टाळीन.

चाकांबद्दल सर्वाधिक दंतकथा ऐकू येतात. चाकातला एक किलो म्हणजे गाडीतले दहा किलो, असे छातीठोकपणे सांगितले जाते. प्रत्यक्षात वेग घेताना चाकाला पुढेही जायचे असते आणि फिरायचेही असते. सगळे वजन अगदी टायरच्या बाहेरच्या कडेला असले, तरी त्याचा भार जास्तीत जास्त दुप्पट होतो, त्याहून अधिक नाही. रिम त्या कडेच्या आत असते, म्हणून तिचा गुणक दोनपेक्षा कमी, आणि हबचा (चाकाच्या मधल्या भागाचा) जवळजवळ एक. मग हलक्या चाकांचा एवढा बोलबाला का? कारण फायदा दुसरीकडे आहे. वेगात फिरणारे चाक आपली दिशा बदलायला विरोध करते, आणि तो विरोध चाकाच्या जडत्वाबरोबर आणि वेगाबरोबर वाढतो. हलकी चाके बसवलेली गाडी वळणावळणांच्या रस्त्यावर एका बाजूकडून दुसरीकडे विलक्षण सहज झुकते. शिवाय चाकाचे वजन सस्पेन्शनच्या स्प्रिंगखाली असल्यामुळे, ते कमी झाले की खडबडीत रस्त्यावर टायर जमीन कमी सोडतो. हे दोन्ही फायदे खरे आहेत आणि ज्याने ते एकदा अनुभवले तो विसरत नाही. पण पार्किंगमध्ये चाक जवळजवळ फिरतच नसते, त्यामुळे तेथे कार्बनची चाके म्हणजे केवळ त्यांनी वाचवलेले काही किलो, आणि तेही जमिनीलगतचे. तुमच्या यादीतील सर्वांत महागडी वस्तू तुमच्या मुख्य तक्रारीवर सर्वांत कमी काम करते.

त्यातून चाके घ्यायचीच असतील, तर रोजच्या, सामान लादलेल्या गाडीसाठी मी फोर्ज्ड म्हणजे दाबून घडवलेल्या अॅल्युमिनियमची सुचवीन. खड्ड्यात जोराने आपटल्यावर ती वाकतात, आणि वाकलेले चाक डोळ्यांना दिसते. कार्बनच्या चाकातील आतली इजा बाहेरून नेहमी दिसतेच असे नाही, आणि ती तपासायला अनुभवी हात लागतात. मॅग्नेशियम आणखी हलके असते, पण रंगाचा थर खरवडला गेला की ते गंजते आणि त्याची नियमित देखभाल करावी लागते. कोणतेही चाक घेताना त्यावर दिलेली भारक्षमता गाडी, दोन माणसे आणि सामान यांना पुरेशी आहे ना, हे आधी पाहा. शर्यतीची काही चाके एकट्या चालकासाठीच मोजलेली असतात.

टायरकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. एकाच मापाच्या दोन मागच्या टायरच्या वजनात एक किलोपर्यंत फरक असू शकतो, आणि हे वजन चाकाच्या सर्वांत बाहेरच्या कडेला असते. टायर कधीतरी बदलायचेच असतात, तेव्हा निवड करताना वजन विचारण्याला काहीच खर्च येत नाही. पण जड प्रवासी गाड्यांसाठी कंपन्या जे मजबूत बांधणीचे टायर देतात, ते उगीच जड नसतात. गाडीच्या पुस्तिकेत दिलेला भार निर्देशांक (टायर किती भार पेलतो ते सांगणारा आकडा) कमी करून वजन वाचवू नये. मापही बदलू नये, कारण पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगांची तुलना करून चालणारे एबीएस (ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) आणि ट्रॅक्शन कंट्रोल (वेग घेताना चाक घसरू न देणारी यंत्रणा) मूळ घेरावर आखलेले असतात.

ब्रेकच्या डिस्क हलक्या करण्याच्या मी सहसा विरोधात असतो. चालकासह 320 किलोंची गाडी ताशी 100 किलोमीटरवरून थांबवताना सुमारे 123 किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत जाते. ती सगळी पुढच्या दोन डिस्कमध्ये गेली असे ढोबळ मानले, तर मिळून 3 किलोंच्या स्टीलच्या डिस्कचे तापमान एकदा थांबण्यात सुमारे 85 अंशांनी वाढते. त्याच डिस्क 2 किलोंच्या केल्या, तर ते जवळजवळ 130 अंशांनी वाढेल. घाटातल्या उतारावर सामानासह वारंवार ब्रेक लावताना हा फरक पोटात गोळा आणणारा ठरू शकतो. ज्या गाडीचे एकूण वजन तुमच्या गाडीइतके आहे, तिच्यात डिस्कचा धातू ही उष्णतेची कोठी आहे, ती लहान करू नये.

चेन आणि स्प्रॉकेटच्या (तिच्या दातेरी चक्रांच्या) बाबतीत 530 ऐवजी 520 ची चेन बसवण्याची पद्धत आहे. दोन्हींच्या कड्यांमधील अंतर सारखेच, 5/8 इंच, पण 520 ची आतील रुंदी 3/8 ऐवजी 1/4 इंच असते. स्प्रॉकेटसह अर्धा ते एक किलो कमी होतो. शक्तिशाली आणि लादलेल्या गाडीत मात्र अरुंद चेन आणि अॅल्युमिनियमचे मागचे स्प्रॉकेट लवकर झिजतात. तुमच्या वापरात हे मला फायद्याचे वाटत नाही. उलट, ‘सुस्त वाटते’ हीदेखील तक्रार असेल, तर पुढचे स्प्रॉकेट 17 दातांऐवजी 16 दातांचे लावून पाहा. चाकाला मिळणारा टॉर्क सव्वासहा टक्क्यांनी वाढतो. गाडी आणि चालक मिळून 320 किलो धरले, तर वजनातून एवढाच परिणाम साधायला जवळपास 19 किलो काढावे लागतील. हळू चालताना क्लच कमी वापरावा लागतो, हा तुमच्यासाठी आणखी एक लाभ. काही गाड्यांत वेगमापक गिअरबॉक्सकडून संकेत घेतो, तेथे आकडा जास्त दिसू लागेल, ते दुरुस्त करून घ्यावे लागेल.

कार्बनचे मडगार्ड आणि पॅनेल दिसायला सुंदर असतात, हे मी मान्य करतो. पण मूळ पॅनेल ज्या प्लास्टिकचे असते त्याची घनता जवळजवळ पाण्याइतकीच असते, आणि कार्बन-रेझिनची त्याच्या सुमारे दीडपट. कार्बन ताठ असल्यामुळे ते पातळ करता येते, म्हणून वजन वाचते, आणि ते ग्रॅममध्ये मोजावे लागते. फायबरग्लासवर कार्बनचा एक थर चिकटवलेले स्वस्त भाग तर मूळ प्लास्टिकपेक्षा जड भरलेले मी पाहिले आहेत. काही गाड्यांत पुढचे मडगार्ड फॉर्कच्या दोन पायांना एकमेकांशी बांधून ठेवण्याचेही काम करते, तेथे पातळ पर्याय लावू नये. बोल्टांचा हिशेब तर अगदी सरळ आहे : एक किलो स्टीलचे बोल्ट काढून तेवढेच टायटॅनियमचे लावले, तर सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास वाचतात, आणि एक किलो बोल्ट म्हणजे गाडीवरचे बरेच बोल्ट होतात. टायटॅनियम अॅल्युमिनियमच्या आट्यांत न चिकटण्याकरिता वंगण लावावे लागते. अॅल्युमिनियमचे रंगीत बोल्ट पॅनेलपुरते ठीक, पण कॅलिपर, डिस्क, हँडलचे क्लॅम्प किंवा इंजिन माउंट येथे ते कदापि लावू नयेत.

हँडलच्या टोकांची वजने काढून अर्धा किलो वाचवणारेही भेटतात. ती वजने कंपन शोषण्यासाठी असतात, आणि ती काढल्यावर तासाभरात हात बधिर होतात. मागची सबफ्रेम (सीट आणि सामान पेलणारा सांगाडा) कापणे, अॅक्सल पोकळ करून घेणे, एबीएसचा पंप काढणे हे तर मी कोणी कितीही आग्रह केला तरी करत नाही.

तुमच्यासाठी क्रम मी असा लावीन. या आठवड्यात टायरची हवा, स्टीअरिंग बेअरिंग आणि चालक बसल्यावर सस्पेन्शन किती खाली बसते ते तपासा. रोजच्या वापरातून टॉप बॉक्स, पॅनियर फ्रेम आणि साचलेले सामान उतरवा आणि टाकी अर्धी ठेवून गाडी चालवून पाहा. मग सीट. त्यानंतर बॅटरी, आणि सायलेन्सर उंच असेल तरच सायलेन्सर. टायर झिजल्यावर वजन पाहून टायर. अर्धी टाकी धरून हे सगळे मिळून 25 किलोंच्या आसपास जाऊ शकते, आणि त्यातले वीसहून अधिक किलो काहीही विकत न घेता मिळतात. प्रत्येक वेळी काढलेला भाग आणि बसवलेला भाग, पट्ट्या आणि बोल्टांसह, स्वतःच्या काट्यावर तोला. जाहिरातीतील आकड्यात जोडणीचे सामान बहुधा धरलेले नसते. सामान उतरवल्यावर मागचा भाग थोडा वर येईल, तेव्हा प्रीलोड नव्याने बसवा आणि सामान चढवताना पुन्हा वाढवा. लादलेल्या गाडीसाठी आवळलेली स्प्रिंग रिकाम्या गाडीला ताठ आणि उंच करते, आणि उंच झालेल्या गाडीवर तुमचा पाय पुन्हा अपुरा पडेल.

मूळ भाग विकू नका. सायलेन्सर आणि बॅटरीचा ट्रे कोरड्या जागी गुंडाळून, त्यांचे बोल्ट वेगळ्या पुडीत नाव घालून ठेवा. वाहन तपासणीच्या वेळी, वॉरंटीचा दावा करताना किंवा गाडी विकताना त्यांची गरज पडते, आणि पुढच्या मालकाला तुमचा सायलेन्सर आवडेलच असे नाही. बदललेल्या भागांची माहिती विमा कंपनीला लेखी कळवा, कारण न कळवलेल्या बदलामुळे दावा अडकू शकतो. पॅनियर फ्रेम तर प्रवासाला लागणारच आहेत, त्यांचे बोल्ट ओलाव्यात गंजू नयेत म्हणून ठेवण्याआधी आट्यांना थोडे ग्रीस लावा.